आमच्या स्लॅबवरची माशी

वैशाखात वसमतला संध्याकाळी घरात कोणी बसत नाही. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री दहापर्यंत वाफ सोडत असतात. म्हणून उन्हं उतरली की चार-सहा बादल्या ओतून स्लॅब निववायचा, सतरंज्या अंथरायच्या, आणि मग जेवण, गप्पा, झोप सगळं वरतीच. पूर्वी माळवदं होती, आता स्लॅब आले. सवय तीच राहिली. बायकांचं तर अर्धं आयुष्य वरती जातं. कुरडया, पापड, वर्षाची मिरची वाळवायला वरती. न्हाणं झालं की केस मोकळे सोडून बसायला वरती. सासूच्या कानावर जाऊ नये असं काही बोलायचं असेल तर तेही वरतीच. रस्त्यावरून दिसू नये म्हणून कठडा चांगला कमरेच्या वर बांधलेला असतो. आभाळाच्या बाजूनं मात्र कोणी कठडा बांधत नाही. तशी कधी गरजच पडली नव्हती. तिकडून पाहायला होत्या त्या घारी, आणि घारीचं लक्ष माणसांपेक्षा वाळत घातलेल्या बोंबलांवर अधिक.

मागच्या वर्षी याच दिवसांत आमच्या मागच्या गल्लीत एक लग्न होतं. घरोब्याचं. घरातले सगळे गेलो, एक अक्का सोडून. अक्का माझी थोरली बहीण. आदल्या दिवाळीत दाजी गेले आणि त्यानंतर ती आमच्याकडे राहायला आली. "हळदीच्या मांडवात माझं काय काम?" म्हणाली. आम्ही दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा केला नाही. करायला हवा होता, हे नंतर सुचलं.

मांडवात मोठा एलईडी पडदा लावला होता. हल्ली लावतातच. शूटिंगवाल्यानं अंगणातून ड्रोन वर सोडला आणि पडद्यावर आमची अख्खी गल्ली आली. दिव्यांच्या माळा, मांडवाचं कापड, पंगतीची कढई, वर तोंड करून ओरडणारी पोरं. आपलं गाव वरून पाहताना माणसाला कसा आनंद होतो! "ते बघ आपलं घर," "ती बघ मशिदीची कमान," "तो बघ भाऊचा ट्रॅक्टर" असा सगळा गलका. मग कॅमेरा हळूहळू वळला, तीन-चार स्लॅबवरून पुढे आला, आणि पडद्यावर अक्का दिसली. कठड्याला टेकून उभी होती. केस मोकळे, पदर खांद्यावर घसरलेला. खाली हळदीची गाणी चालली होती आणि तिचे ओठ त्या गाण्यांबरोबर हलत होते. तिला वाटत होतं, ती एकटी आहे.

आठ-दहा सेकंदांचं दृश्य असेल. पुढे गेलं. कोणी वाईट बोललं नाही, हसलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी तिघी जणी मुद्दाम घरी येऊन प्रेमानं सांगून गेल्या, "अक्का, काल तुम्ही पडद्यावर दिसलाव की!" अक्काही हसली. आणि त्या दिवसापासून ती वरती जायची थांबली. त्या वर्षी आमच्या कुरडया खाली अंगणात, चिंचेच्या अर्ध्या सावलीत वाळल्या. त्यांना वासही लागला.

शूटिंगवाला पोरगा आमच्याच गावचा. त्याच्या कानावर गेलं तेव्हा तो आपण होऊन आला. "काकू, मुद्दाम नाही केलं हो. ड्रोन माघारी वळवताना फ्रेममधी आलं." आमच्यासमोर त्यानं तेवढा तुकडा पुसून टाकला. पोरगा सरळ आहे, त्याच्यावर राग धरावा असं काही नव्हतं. पण कार्डावरचं पुसता येतं. पाचशे माणसांनी पाहिलं ते कसं पुसणार?

हा सगळा प्रसंग मी कदाचित विसरूनही गेलो असतो. मी विसरलो नाही याचं कारण, पुढच्याच आठवड्यात अक्काचा लेक पुण्याहून सुट्टीला आला तो एका खेळाचं वेड घेऊन. बरोबर तीन मित्र, दोन जाडजूड पुस्तकं आणि कापडी पिशवीत मूठभर फासे. जेवणं झाली की चौघं स्लॅबवर गोल करून बसायचे ते रात्री एकपर्यंत. मी पहिल्या दिवशी जुगाराच्या संशयानं वर गेलो. (मामाला तेवढा अधिकार असतो.) पैसा कुठे दिसेना. पटही नव्हता, सोंगट्याही नव्हत्या. नुसतं बोलणं चाललं होतं.

"काय करायलात रे पोरांनो?"

"मामा, सध्या मी एका व्हॅनमधी लपलोय," भाचा सतरंजीवर लोळत म्हणाला, "आणि माझी माशी गोडाऊनवर घिरट्या घालायलीय."

खेळ समजायला मला दोन रात्री लागल्या. एक जण सूत्रधार असतो. बाकीचे प्रत्येकी एक सोंग घेतात. सूत्रधार सांगतो, अमुक शहर आहे, मध्यरात्र आहे, पाऊस पडतोय, समोर कंपनीची भिंत आहे, आता तुम्ही काय करता? ज्याला जे सुचेल ते तो सांगतो आणि गोष्ट पुढे सरकते. लहानपणी आपण सगळेच चोर-शिपाई खेळलो आहोत. "ठो! तू मेलास," "मेलो नाही, गोळी लागलीच नाही!" आणि मग खरी हाणामारी. या खेळानं त्या हाणामारीचा निकाल फाशांवर सोपवला आहे. गोळी लागली की नाही ते फासा सांगणार. एवढी एक सोय केली की चोर-शिपाई मोठ्या माणसांनाही खेळता येतो.

या जातीच्या खेळांची सुरुवात अमेरिकेत १९७४ साली झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्यात तलवारी, राक्षस, भुयारातला खजिना अशी आपल्या चांदोबाला शोभेल अशी सामग्री. पुढे १९८४ मध्ये विल्यम गिब्सन या लेखकाची 'न्यूरोमॅन्सर' कादंबरी आली आणि विज्ञानकथेत एक नवा प्रवाह गाजू लागला. त्याचं नाव सायबरपंक. भविष्यात यंत्रं अफाट सुधारलेली असतील, पण माणसाची दैना तीच. सरकारं नावाला, सत्ता बड्या कंपन्यांच्या हाती. आणि गल्लीतला भणंग त्याच यंत्रांचे तुकडे जोडून कंपनीच्या नाकावर टिच्चून जगतो, अशी ती दुनिया. तिच्यावर खेळ निघणारच होते. माइक पॉन्डस्मिथ यांचा 'सायबरपंक' १९८८ मध्ये आला, आणि १९८९ मध्ये 'शॅडोरन'. पोरं खेळत होती तो हा शॅडोरन. यात भविष्याबरोबर जादूही आहे, म्हणजे एका हातात संगणक आणि दुसऱ्या हातात मंत्र. आपल्याकडे हे कोणाला विचित्र वाटू नये. नवीन संगणकाला हळद-कुंकू लावणारी माणसं आपण.

शॅडोरनमध्ये रिगर नावाचं एक सोंग आहे. आमच्या भाच्याचं तेच. रिगर म्हणजे यंत्रं चालवणारा, पण साधा ड्रायव्हर नव्हे. त्याच्या मेंदूतच असं उपकरण बसवलेलं असतं की तो मनानं थेट यंत्रात उतरतो. शरीर व्हॅनमध्ये निपचित पडलेलं, आणि जीव त्या उडत्या यंत्रात. तिकडे यंत्रावर घाव बसला तर इकडे शरीराला धक्का बसतो. परकायाप्रवेशाच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे लगेच कळेल; शंकराचार्यांच्या त्या गोष्टीतही मागे सोडलेलं शरीर सांभाळायला शिष्य बसवावे लागले होते. इथे मित्र बसवतात.

रिगरकडे नाना तऱ्हेची यंत्रं असतात, त्यातलं सगळ्यात चिमुकलं म्हणजे 'फ्लाय-स्पाय'. हेर-माशी म्हणू. खेळातल्या मित्सुहामा नावाच्या काल्पनिक जपानी कंपनीचा हा माल. हत्यार नाही, वजन उचलायची ताकद नाही. उडायचं, पाहायचं आणि दाखवायचं, एवढंच काम. रिगर स्वतः तिच्यात उतरला नसेल तेव्हा ती आपल्या बेताच्या अकलेनं चालते. खेळणारे त्या अकलेला 'डॉग-ब्रेन', म्हणजे कुत्र्याचा मेंदू म्हणतात. सांगितलेलं ऐकते, पण सांगितलं तेवढंच. "दाराशी थांब" म्हटलं तर आग लागली तरी दाराशीच थांबेल.

त्या रात्री पोरांना गोदामात शिरायचं होतं आणि आत किती जण आहेत ते आधी बघायचं होतं. भाच्यानं माशी सोडली. मला वाटलं, झालं, आता सूत्रधार आत काय आहे ते सांगून टाकेल. कसलं काय! त्यानं प्रश्नांची सरबत्तीच सुरू केली. किती उंचीवरून नेतोस? पाऊस आहे, एवढ्याशा पंखांना झेपेल? तू किती लांब आहेस, मधे किती भिंती आहेत, सिग्नल पोचतोय का? पंखांचा आवाज होतो, तो दाबायचं काय केलंस? भाचा एकेकाचं उत्तर देत होता, फासे टाकत होता. एकाच वेळी मूठभर फासे टाकायचे आणि जितक्यांवर पाच किंवा सहा येईल तितकी यशं मोजायची, असा हिशेब. चार यशं आली. पोरं खूश झाली.

मग सूत्रधारानं स्वतः फासे उचलले.

"हे कोणाचे?" मी विचारलं.

"वॉचमनचे."

"तो तर तुमच्या खेळात नाही. त्याला कशाला फासे?"

"मामा, त्याला पण डोळे हायेत ना," तो पोरगा सहज म्हणाला आणि त्यानं फासे टाकले.

वॉचमनला दोनच यशं मिळाली. माशी दिसली नाही, आत गेली, आणि गोष्ट पुढे सरकली. मी मात्र तिथेच अडकलो. ज्याच्याकडे चोरून पाहायचं, त्यालाही खेळाच्या नियमात फासे ठेवलेले होते. दरवेळी. तो कोणी नायक नाही, त्याला नावही नाही, तरी माशी त्याच्या अंगणात शिरली की त्याचा डाव आलाच. आमच्या अक्काला आठवड्यापूर्वी कोणी फासे दिले होते?

या खेळांची भाकितं किती खरी ठरली, हा मोठा गमतीचा विषय आहे. पॉन्डस्मिथ यांच्या पहिल्या खेळातली कथा घडते २०१३ साली. आणि खऱ्याखुऱ्या २०१३ च्या जानेवारीत शेन्झेनच्या डीजेआय या चिनी कंपनीनं 'फँटम' नावाचा चार पंखांचा पांढरा ड्रोन बाजारात आणला. पेटीतून काढा आणि उडवा, अशा धर्तीचा. उडता कॅमेरा सैन्याच्या आणि हौशी मंडळींच्या हातातून लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या हातात गेला तो तिथून पुढे. चुकलेलं भाकीतही लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकेला जपानची धास्ती होती, म्हणून शॅडोरनमध्ये व्यवहाराचं चलन 'नुयेन' आणि बड्या कंपन्यांत कितीतरी जपानी. चीन सगळ्या जगाला माश्या विकेल, हे फारसं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आपणही अगदी मागे नव्हतो. आयआयटी मुंबईत शिकलेल्या काही तरुणांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज ही कंपनी काढली. २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटातला उडता कॅमेरा त्यांनीच बनवलेला. आपल्यातल्या बहुतेकांनी असलं यंत्र पहिल्यांदा पाहिलं ते त्या चित्रपटात. तो प्रसंग आठवून पाहा. वसतिगृहाच्या अंगणात पोरं ते यंत्र उडवतात, ते एकेक मजला वर चढतं, खिडक्यांतून डोकावतं, खाली पोरं पडद्याकडे पाहून खिदळत असतात. आणि एका खिडकीत ज्या मुलानं ते यंत्र बनवायला घेतलं होतं, त्यानंच गळफास लावून घेतलेला दिसतो. थिएटरात क्षणात शांतता पसरली होती. गंमत म्हणून डोकावणाऱ्याला दुसऱ्याचं दुःख असं अवचित दिसतं, हे तो प्रसंग सांगून गेला होता. आम्ही मात्र लक्षात ठेवलं ते यंत्र.

पॉन्डस्मिथ यांच्या खेळाची दुसरी आवृत्ती १९९० ची. तिचं नावच 'सायबरपंक २०२०'. त्यात २०२० साली कंपन्यांची खाजगी सैन्यं रस्त्यावर लढत असतात. खरं २०२० उजाडलं तेव्हा आपण सगळे करोनानं घरात कोंडलेले होतो, आणि त्याच वर्षी २४ एप्रिलला, पंचायत राज दिनी, केंद्र सरकारनं 'स्वामित्व' योजना सुरू केली. ड्रोननं गावठाणं मोजण्याची. खेळ लिहिणाऱ्यांना ही कल्पना सात जन्मात सुचली नसती!

शेताला सातबारा असतो. गावठाणातल्या घराला बहुतेक गावांत तसा मोजणीचा कागदच नव्हता. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर नाव, बस्स. बाप गेला की एका खणावरून, एका मोरीवरून भावा-भावांत कज्जे. महाराष्ट्रानं याची सुरुवात स्वामित्वच्याही आधी केली होती. पहिला प्रयोग झाला तो पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात. योगायोग असा की सोनोरीच्या डोक्यावर मल्हारगड उभा आहे. अठराव्या शतकात पानसे मंडळींनी दिवे घाटावर नजर ठेवायला बांधलेला, मराठ्यांच्या काळातला अगदी शेवटचा किल्ला. एका टेहळणीच्या गडाखाली दुसऱ्या टेहळणीचा आरंभ.

या मोजणीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चुना. ड्रोनला वरून छप्पर दिसतं, हद्द दिसत नाही. म्हणून तो उडायच्या आधी भूमी अभिलेखची माणसं आणि गावकरी मिळून प्रत्येक मिळकतीच्या कडेनं फक्की मारतात. शेजारी शेजाऱ्याला बोलावतो, "इथून की तिथून?" असा वाद घरासमोर, सगळ्यांच्या देखत होतो, आणि मग पांढरी रेघ पडते. आभाळातल्या डोळ्याला काय दिसावं, ते आधी जमिनीवर ठरतं. मग मोजणी, नकाशा, चौकशी, हरकती आणि शेवटी सनद. १८ जानेवारी २०२५ ला एका दिवसात देशभरात पासष्ट लाखांहून अधिक मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या. सगळे कज्जे मिटले असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी त्या रेघेमुळे निजलेले वाद जागेही झाले. पण तिथे पाहणारा येणार हे महिनाभर आधी माहीत असतं, दवंडी असते, आणि आपली रेघ आपण ओढलेली असते.

शेतात तर ड्रोनचं आमच्याकडे कौतुकच आहे. वसमत म्हणजे हळदीचं गाव. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पावसाळ्यात वाढलेल्या हळदीत पाठीवर पंप घेऊन करप्याची फवारणी करणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा. चिखल, पानांची काहिली, औषधाचा वास. तिथे यंत्र वरून दहा मिनिटांत एकराचं काम करत असेल तर कोण नको म्हणेल? ते यंत्र घारीएवढं नव्हे, चांगलं बाजेएवढं असतं, त्याचा आवाज दोन वावरं पलीकडे येतो, आणि ते कोणाचं आहे हे सगळ्या शिवाराला माहीत असतं.

भीती असते ती कोणाचं आहे हे माहीत नसलेल्याची. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि आमच्या मराठवाड्यात बीड-जालन्याकडे रात्री गावांवर दिवे फिरताना दिसू लागले. चोर वरून टेहळणी करतात अशी आवई उठली. माणसं काठ्या, बॅटऱ्या घेऊन रात्ररात्र जागली. प्रश्न विधिमंडळातही निघाला. त्यात ड्रोन किती, तारे किती आणि मनाचे खेळ किती, हे सांगणं अवघड आहे. पण हसण्यावारी नेण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्या तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांना विचारा. तिथे वर्षानुवर्षं जमिनीच्या पोटातून आवाज येतात, आणि पुष्कळ दिवस बाहेरची माणसं त्यांना हसत होती. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली-नांदेड भागाला भूकंपाचे चांगलेच धक्के बसले, तेव्हा हसणं थांबलं. खालून येणारा आवाज कशाचा ते कळेना, आता वरून येणाराही कशाचा ते कळेना. माणसानं झोपायचं कुठे?

कायदा नाही असं नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात विमान वाहतूक खात्यानं खाजगी ड्रोनवर सरसकट बंदीच घातली होती. त्या बंदीच्या काळातही लग्नांत ड्रोन उडत होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुढे २०१८ मध्ये नियम झाले, ते फार जाचक वाटले, म्हणून २५ ऑगस्ट २०२१ ला नवे, सुटसुटीत आले. आता अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचा परवाना लागत नाही. दोन किलोपर्यंतचा असेल आणि धंद्यासाठी नसेल, तरी लागत नाही. हिरव्या पट्ट्यात चारशे फुटांपर्यंत मोकळीक. कुठे उडायचं, किती उंच उडायचं, वजन किती, याचा बारीक हिशेब या नियमांत आहे. खालच्या स्लॅबवर कोण बसलंय, याचा हिशेब दुसऱ्या कायद्यात शोधावा लागतो. बाईचे खाजगी क्षण चोरून टिपणं हा २०१३ पासून गुन्हा आहे आणि आता तो न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडून एकमुखानं सांगितलं. हे सगळं खरं. पण केस वाळवत हळदीचं गाणं गुणगुणणं यातल्या कोणत्या कलमात बसवायचं? शूटिंगवाल्या पोराला कोर्टात खेचावं असं अक्कालाही वाटलं नाही, मलाही नाही. त्यानं उडवण्याआधी चार घरी "आज वर ड्रोन फिरणार हाय" एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. दूधवाला येताना बेल वाजवतोच की.

सुट्टीच्या शेवटच्या रात्रीची गोष्ट. पोरांना सरबत हवं होतं आणि खाली येऊन न्यायचा कंटाळा. भाच्यानं जिन्यातून हाक मारली, "आई, आण ना गं वर!" मला वाटलं, अक्का मलाच पाठवेल. पण ती तांब्या-पेले घेऊन निघाली. महिन्यानं स्लॅबवर पाय ठेवला तिनं. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, आणि वर पोचल्याबरोबर आधी आभाळाकडे पाहिलं. मग कठड्यापासून लांब, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसली.

पोरं पुन्हा कुठल्याशा भिंतीआड माशी सोडत होती. अक्का बराच वेळ ऐकत होती.

"ही माशी ज्याच्या घरात चाललीय, तो काय करायलाय?" तिनं विचारलं.

"कोण, वॉचमन? तो बसलाय खुर्चीत."

"मग मी वॉचमन होते."

चौघं एकमेकांकडे पाहू लागले. सूत्रधार पोरगा हुशार. त्यानं काही न बोलता वॉचमनचे फासे तिच्या पुढ्यात ठेवले. अक्कानं ते ओंजळीत घेऊन खुळखुळवले, लहानपणी गजग्यांनी खेळायची तसे, आणि टाकले. दोन सहा आले, एक पाच. भाच्याच्या माशीला त्या वेळी दोनच यशं होती.

"आई, तुला दिसली माशी," भाचा ओशाळून म्हणाला. "आता काय करशील?"

"गोफण हाय का त्याच्याकडं?"

झालं! पोरांनी दोन्ही पुस्तकं उघडली. गोफण कुठल्याच पानावर सापडेना. एक म्हणाला, दगड फेकण्याचा नियम लावू. दुसरा म्हणाला, छे, गोफणीचा पल्ला जास्त असतो. तिसऱ्यानं विचारलं, वॉचमनला गोफण मारता येते कशावरून? तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, ज्वारी हुरड्याला आली की हिनं माचाणावर उभं राहून तीन-तीन एकरांतली पाखरं हाकललीत, मी खाली दगड वेचून द्यायला होतो. त्याचे फासे किती होतात ते सांगा. बरीच घासाघीस होऊन सात फाशांवर तोड निघाली.

अक्कानं पदर खोचला. फासे मुठीत घेऊन ती उठून उभी राहिली, बसून टाकायला तयारच होईना. आणि कठड्यापर्यंत मागे सरून, हात डोक्यावरून फिरवून तिनं ते असे भिरकावले, की त्यातले दोन अजूनही आम्हाला सापडलेले नाहीत.